हॉपरमधला कोळसा संपत आलाय हे वेळेआधी कसं कळावं? (घरामागची डाईंग, कोळशाचा स्क्रू फीडर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमची टॉवेलच्या सुताची छोटी डाईंग आहे. पूर्व भागात घर आणि कारखाना एकाच भिंतीला असतात, तसंच आमचं. पुढे घर, मागे डाईंग. लड्या रंगवायला लागणारं गरम पाणी कोळशाच्या हॉट वॉटर जनरेटरमधून येतं. पूर्वी माणूस फावड्याने कोळसा मारायचा. आता वर हॉपर आणि खाली स्क्रू फीडर बसवला आहे. थर्मोस्टॅटने पाणी गार झाल्याचं सांगितलं की स्क्रू फिरतो आणि कोळसा आपोआप भट्टीत जातो.

अडचण अशी की हॉपर लोखंडी आणि वरून झाकलेला आहे. आत किती माल उरलाय ते झाकण उचलल्याशिवाय दिसत नाही. रात्रपाळीचा माणूस झाकण उचलेलच असं नाही. पहाटे कोळसा संपला की विस्तव विझतो. पुन्हा पेटवून पाणी वर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाथ, म्हणजे सूत बुडवलेलं रंगाचं पाणी, गार होतो. रिअॅक्टिव्ह रंगाचा बाथ ६० अंशांवर धरायचा असतो. मधेच तापमान पडलं की शेड फिकी येते, पुढच्या लॉटशी जुळत नाही आणि टॉवेल विणून झाल्यावर पट्टा उठून दिसतो. एवढा माल सेकंड्समध्ये जातो हे बघवत नाही.

हॉपरची मापं: वरचा चौकोनी भाग ६० बाय ६० सेंमी, उंची ६० सेंमी. त्याखाली ४० सेंमी उंचीचा निमुळता भाग, तोंडाशी १५ बाय १५ सेंमी. पूर्ण लोडवर तासाला साधारण २० किलो कोळसा जातो. लेव्हल मोबाईलवर दिसावी आणि कोळसा संपायच्या आधी भोंगा वाजावा, एवढं तरी हवं. पुढे जमलं तर खालच्या ढिगातून हॉपर आपोआप भरायचाही विचार आहे. कुणी केलंय का असं काही?

सर्किटवाला

करता येण्यासारखं आहे, बघा. सगळ्यात सोपं म्हणजे झाकणाच्या आतून खाली तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून त्याच्या इकोवरून अंतर मोजणारा) लावायचा आणि तो ईएसपी३२ ला, म्हणजे वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला, जोडायचा. एचसी-एसआर०४ हा साधा सेन्सर २ सेंमी ते ४ मीटर मोजतो. पण तो उघडा असतो, धुळीत टिकत नाही. जेएसएन-एसआर०४टी हा वॉटरप्रूफ घ्या, डोकं वेगळं आणि वायर लांब असते. त्याला जवळचे वीसेक सेंमी दिसत नाहीत, म्हणून झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून डोकं त्यात वर बसवा. इकोची पिन ५ व्होल्टची असते आणि ईएसपी३२ ला ३.३ च्या वर चालत नाही, तेव्हा मधे व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर घालाच.

लेझरवाले छोटे सेन्सर मिळतात, व्हीएल५३एल०एक्स वगैरे. ते घेऊ नका. कोळसा काळा असल्याने उजेड फारच कमी परत येतो, आणि काचेवर धूळ बसली की उरलंसुरलंही गेलं.

एक हिशोब सांगतो. तुमच्या वरच्या भागात २१६ लिटर मावतात, निमुळत्या भागात सुमारे ६३. बारीक कोळसा लिटरला ८०० ग्रॅमच्या आसपास धरला तर हॉपर गच्च भरल्यावर २२० किलोच्या जवळपास, म्हणजे पूर्ण लोडवर ११ तास. वरच्या भागात लेव्हल १ सेंमी उतरली म्हणजे जवळपास ३ किलो गेले. खाली मात्र हिशोब फसवा आहे. तोंडापासून १० सेंमी उंचीपर्यंत जो कोळसा असतो तो जेमतेम साडेतीन किलो, म्हणजे दहा मिनिटांचा. भोंगा तिथे लावलात तर माणूस येईपर्यंत हॉपर रिकामा. एक तास आधी कळायला हवं असेल तर तोंडापासून २६ सेंमीवर भोंगा वाजला पाहिजे.

सेकंडक्लास

मी सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट. सायझिंग आणि डाईंगच्या भट्ट्यांवर उभी हयात गेली. वरच्या भावाचा हिशोब चोख आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मालक, तुमचा कोळसा कायम सुका असतो का?

जून-जुलैत ढीग उघड्यावर भिजतो. ओला चुरा हॉपरमध्ये गेला की निमुळत्या भागात कमान धरतो. पिठाच्या गिरणीच्या चाडीत दमट धान्य अडकतं, अगदी तसं. वर सव्वा हात कोळसा दिसतो, खाली स्क्रू रिकामा फिरतो आणि विस्तव विझतो. तुमचा सेन्सर वरून बघणार आणि सांगणार, हॉपर अर्धा भरलाय, निवांत झोपा. म्हणजे विस्तव विझेलच, वर भोंगाही वाजणार नाही.

दुसरा प्रकार याच्या उलट. चारही भिंतींना कोळसा चिकटून राहतो आणि मधोमध भोक पडतं. सेन्सर नेमका भोकात बघतो, म्हणून कोळसा असून संपला म्हणतो.

मला विचाराल तर वरचं माप पाहू नका. स्क्रूच्या तोंडाशी कोळसा येतोय का ते पाहा. आम्ही हॉपरच्या बुडाशी हातोडीने टिचकी मारून आवाजावरून ओळखायचो. भरलेला भाग बद्द वाजतो, रिकामा खणखणीत.

पूर्वभागकर

काका, तुमचं अगदी बरोबर. पावसाळ्यात हेच होतं आणि आम्ही दांड्याने ढोसतो. मग तोंडाशी काय लावू? पत्र्यातून तर सेन्सरला दिसणार नाही.

लूपचेक

सिमेंट प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. तिथे सायलो आणि बंकरवर याच गोष्टी रोज बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तोंडाशी कपॅसिटिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर लावता येतो, तो न शिवता समोर माल आहे की नाही ते ओळखतो. तो धातूच्या भिंतीतून बघू शकत नाही हे खरं. पण पत्र्याला भोक पाडून आतल्या बाजूने टेफ्लॉनची जाड चकती बोल्ट करा आणि सेन्सर बाहेरून तिला टेकवा. एम३० साइजचा घ्या, मागच्या स्क्रूने सेन्सिटिव्हिटी लावता येते. हॉपर रिकामा असताना दिवा विझेल आणि कोळसा असताना लागेल अशी लावायची. अडचण एकच. ओल्या चुऱ्याचा थर चकतीवर बसला की तो कोळसा आहे असंच सांगत राहतो. म्हणून चकती आतल्या पत्र्याशी सपाट हवी, खोबणीत नको.

त्याहून भरवशाचा म्हणजे रोटरी पॅडल स्विच. छोटी मोटर एक पातं सावकाश फिरवत असते. कोळशाने पातं झाकलं की अडतं आणि स्विच पलटतो. धूळ, ओल, अंधार, कशाचंच त्याला सोयरसुतक नाही. तुमच्या २६ सेंमीच्या जागी हा बसवा. पात्याच्या वर लोखंडी अँगलची छोटी छपरी वेल्ड करा, नाहीतर वरून पडणाऱ्या कोळशाने दांडा वाकतो.

लोड सेलचा विचार कुणाच्या मनात येईल म्हणून सांगतो. हॉपर चार लोड सेलवर उभा केला तर सरळ वजन मिळतं. पण तुमचा हॉपर स्क्रूला आणि स्क्रू भट्टीला बोल्ट केलेला असणार. अर्धं वजन तिथूनच जमिनीत जातं. मधे लवचिक जोड दिल्याशिवाय आकडा खरा येणार नाही, आणि भट्टीच्या इतक्या जवळ कापडी जोड द्यायला माझं मन होत नाही.

आणि कमान मुळात का धरते तेही बघा. तुमच्या मापांवरून निमुळत्या भागाच्या भिंतींचा उतार ६० अंश येतो, तो चांगला आहे. पण दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्याचा उतार ५१-५२ अंशच भरतो, आणि ओला चुरा पहिल्यांदा तिथेच बसतो. चारही कोपऱ्यांत पट्ट्या वेल्ड करून कोपरे मारा, जमलं तर आतून स्टेनलेसचा पत्रा लावा. सेन्सरवर पैसे घालण्याआधी हे करा.

स्क्रँटनचा सोलापूरकर

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या अमेरिकेत ईशान्य पेनसिल्व्हेनियात. हा अँथ्रासाइटच्या, म्हणजे कठीण कोळशाच्या, खाणींचा पट्टा. इथे बऱ्याच जुन्या घरांच्या तळघरात अजूनही कोळशाचा स्टोकर (आपोआप कोळसा घालणारी शेगडी) घर गरम ठेवतो. आमच्याही घरी आहे. म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

इथला घरगुती स्टोकर ‘राईस’ कोळशावर चालतो. ५ ते ८ मिलिमीटरचे एकसारखे दाणे, हॉपरमधून अगदी सहज घसरतात. एक ठोकळा तो कोळसा सपाट जाळीवर थोडाथोडा पुढे ढकलतो, पुढच्या टोकाला पोचेपर्यंत जळून राख होते आणि राख खालच्या पेटीत पडते. घराला उष्णता नको असली तरी टायमर दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं कोळसा ढकलतो, विस्तव जिवंत ठेवायला. धुराड्याच्या पाइपवर एक तापमान स्विच असतो. पाइप गार झाला म्हणजे विस्तव विझला असं धरून तो फीडरच बंद करतो. नाहीतर न जळलेला कोळसा राखेच्या पेटीत ढकलला जात राहतो. हा स्विच तुम्हीही लावा. आता विस्तव विझल्यावर तुमचा स्क्रू काय करतो? पाणी गार म्हणून फिरतच राहत असणार.

लेव्हल मी मोजतच नाही. फीडर किती फिरला ते मोजतो. हॉपर भरला की बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग फेऱ्यांवरून किती कोळसा गेला ते वजा करायचं. फेऱ्याला किती कोळसा जातो हे एकदा बादलीत पाडून वजन करून घेतलं की झालं. दांड्यावर लोहचुंबक आणि समोर हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेलं की पल्स देणारा), एवढंच सामान.

पण इथलं जसंच्या तसं तिकडे नेऊ नका. अँथ्रासाइटमध्ये उडून जाणारा ज्वलनशील वायू फार कमी असतो, ज्योत आखूड आणि निळसर, धूर जवळपास नाही. आपल्याकडच्या दगडी कोळशात तो कितीतरी जास्त असतो आणि राख तर त्याहून जास्त. त्यामुळे विस्तव स्क्रूमधून मागे हॉपरकडे सरकायचा धोका तुमच्याकडे खूप मोठा आहे.

सेकंडक्लास

परदेशातल्या भावाने नेमकं बोट ठेवलं. लेव्हल चुकली तर माल खराब होईल, विस्तव मागे सरकला तर घर जाईल.

स्क्रू बराच वेळ थांबला की तोंडाशी असलेला विस्तव नळीतला कोळसा खात खात मागे येतो. रात्री लोड नसतो तेव्हा, आणि लाइट गेल्यावर. हॉपरचं झाकण नीट बसत नसेल तर वरून हवा ओढली जाते आणि विस्तव आणखी जोरात मागे पळतो. झाकणाला दोरीचं पॅकिंग घाला. झाकण उघडताना आधी थोडंसं फट करून धूर येतोय का पाहा, तोंड वर नेऊ नका. स्क्रूच्या नळीला, भट्टी आणि हॉपरच्या मधोमध, रोज हात लावून बघायची सवय होती आम्हाला. हात टिकला नाही की समजायचं.

लूपचेक

हात लावण्याऐवजी तिथे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) क्लँप करा, मॅक्स६६७५ च्या बोर्डाने ईएसपी३२ वाचतो. नेहमी किती असतं ते आधी बघून घ्या, मग त्याच्यावर मर्यादा लावा. मर्यादा ओलांडली तर कंट्रोलरने ब्लोअर, म्हणजे भट्टीला हवा देणारा पंखा, बंद करायचा आणि स्क्रू पुढे फिरवायचा, म्हणजे पेटलेला कोळसा भट्टीत ढकलला जातो. इथे फीडर थांबवणं उलटं पडेल. विस्तव विझल्यावर फीडर थांबवायचा, मागे सरकल्यावर फिरवायचा, हा फरक प्रोग्रॅममध्ये पक्का असू दे.

लाइट गेल्यावर मोटर कशी फिरवणार हा प्रश्न राहतोच. कंट्रोलर आणि भोंगा छोट्या यूपीएसवर ठेवा, म्हणजे निदान ओरडेल तरी. आणि स्क्रूला हाताने फिरवायचं हँडल करून घ्या.

चाटी गल्ली

मी यातली जाणकार नाही, पण आमच्याही माहेरी घर आणि डाईंग एकत्रच आहे म्हणून विचारते. विस्तव मंद असताना, झाकणातून किंवा राखेच्या दारातून जो वायू बाहेर येतो त्याचं काय? घरातली माणसं शेजारच्या खोलीतच झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. एवढे सेन्सर लावताय तर पहिला तो लावा ना.

सेकंडक्लास

ताई, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. ब्लोअर बंद आणि भट्टीत कोळसा धुमसतोय ही वेळ सगळ्यात वाईट. धुराडं साफ असलं पाहिजे आणि भट्टीघराला वर-खाली दोन्हीकडे उघडी जाळी पाहिजे. थंडीत माणसं पोती कोंबून ती बंद करतात. ते कटाक्षाने टाळा.

लूपचेक

या बाबतीत घरी जोडलेल्या एमक्यू-७ या कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सर बोर्डावर विसंबू नका. तो तापमान आणि दमटपणाने भरकटतो. बॅटरीवर चालणारा तयार प्रमाणित अलार्म आणा, स्वतःचा भोंगा असलेला, आणि झोपायच्या खोलीत लावा. हा वायू हवेइतकाच हलका असतो, सगळीकडे मिसळतो, त्यामुळे जमिनीलगतच हवा असं काही नाही. आणि तो कोणत्याही वायफायवर अवलंबून नको.

पूर्वभागकर

ताई, अलार्म आणला. आईच्या खोलीत एक आणि जिन्याशी एक.

बाकीचं कामही झालंय, म्हणून सविस्तर लिहितो. आधी कोपरे मारून घेतले आणि झाकणाला पॅकिंग घातलं. २६ सेंमीवर पॅडल स्विच बसवला. त्याची वायर कंट्रोलरमधून न नेता थेट भोंग्याला दिली आहे. कोळसा असताना सर्किट जोडलेलं राहतं आणि ते तुटलं की भोंगा. म्हणजे वायर उंदराने कुरतडली तरी भोंगाच वाजेल, गप्प बसणार नाही.

मग स्क्रॅंटनच्या दादांचं आणि काकांचं म्हणणं एकत्र केलं. स्क्रूच्या दांड्यावर चार चुंबकं लावली. मोटरच्या बाजूला न लावता शिअर पिनच्या (जास्त ताण आला की मुद्दाम तुटणारी पिन) पलीकडे, खुद्द स्क्रूच्या दांड्यावर. पिन तुटली तर मोटर फिरते आणि स्क्रू उभाच राहतो, ते पकडायचं होतं. चालू असताना आमचा स्क्रू मिनिटाला ३ फेरे घेतो, म्हणजे दर ५ सेकंदांना एक पल्स. मोटर चालू असून १५ सेकंद पल्स आली नाही तर मोटर बंद आणि भोंगा.

बादलीत पाडून वजन केलं तर फेऱ्याला सरासरी ३०० ग्रॅम आले. वर सर्किटवाल्या दादांचा अल्ट्रासॉनिकही बसवला आहे, भरायच्या धारेपासून बाजूला. आता खरी गंमत या दोन आकड्यांच्या तुलनेत आहे. वरच्या भागात १५ किलो गेले म्हणजे ५० फेरे, म्हणजे २०० पल्स, आणि लेव्हल सुमारे ५ सेंमी उतरायलाच हवी. फेरे झाले आणि लेव्हल हललीच नाही, म्हणजे कमान धरली. फेऱ्यांच्या मानाने लेव्हल एकदम खाली गेली, म्हणजे मधोमध भोक पडलं. दोन्ही वेळेला मोबाईलवर वेगवेगळा निरोप येतो. नुसत्या लेव्हलवर किंवा नुसत्या फेऱ्यांवर यातलं एकही कळलं नसतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर कमानीचा निरोप आला तेव्हा विस्तव अजून शाबूत होता. माणसाने दांडा घालून कोळसा मोकळा केला आणि बाथ ६० वरच राहिला.

सर्किटवाला

फार छान केलंत. एक भर घाला. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाप्रमाणे दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. २० अंशांना ३४३ असतो, आपल्या उन्हाळ्यात हॉपरमध्ये ४५ अंशांना ३५८. म्हणजे ८० सेंमीच्या अंतरात साडेतीन सेंमीची चूक, तुमच्या हिशोबाने १० किलोची. झाकणाखाली डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून प्रोग्रॅममध्ये तापमानाची दुरुस्ती घाला, नाहीतर मे महिन्यात खोटे निरोप येतील. आणि एकाच रीडिंगवर विश्वास नको. नऊ घ्या, मधलं धरा.

पूर्वभागकर

घातलं. आता आपोआप भरण्याबद्दल विचारतो. ढिगातून तिरका स्क्रू कन्व्हेयर हॉपरपर्यंत न्यायचा विचार आहे. पॅडल मोकळं झालं की चालू, वरच्या लेव्हलला बंद.

सेकंडक्लास

माझा विरोध आहे, स्पष्टच सांगतो. भरायला माणूस येतो तेव्हा तो राख बघतो, राख वितळून खडा धरलाय का बघतो, नळीला हात लावतो, धुराचा रंग बघतो. हॉपर आपोआप भरायला लागला की माणूस भट्टीकडे फिरकणार नाही. तुमचं पाणी १०० अंशांच्या खाली आहे म्हणून बॉयलरच्या कायद्यातून सूट मिळते, १९२३ च्या जुन्या कायद्यातही होती आणि २०२५ च्या नव्यातही आहे. वाफेवर असता तर सर्टिफिकेटवाला माणूस हजर ठेवणं भागच होतं. सूट कागदावर मिळाली, विस्तवाने दिलेली नाही.

लूपचेक

काकांचा मुद्दा मानतो, पण घमेल्याने २२० किलो उचलून पाच फूट वर टाकणाऱ्या माणसाच्या कमरेचाही विचार करायला हवा. मधला मार्ग असा: कन्व्हेयर लावा, पण तो माणसाने भट्टीजवळचं बटण दाबल्याशिवाय सुरू होऊ नये. बंद मात्र आपोआप व्हावा. वरच्या लेव्हलला दुसरा पॅडल स्विच, आणि त्याच्यावर एक टायमर. रिकामा हॉपर भरायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त. टायमरने बंद झाला तर हाताने रिसेट केल्याशिवाय पुन्हा चालू होऊ नये. स्विच बिघडला तरी कोळसा घरभर सांडणार नाही. नळीचं तापमान वाढलेलं असेल तर कन्व्हेयर चालूच होता कामा नये, पेटत्या कोळशावर नवा कोळसा ओतला जाईल.

कमान मोडायला व्हायब्रेटर लावणार असाल तर तोही स्क्रू फिरत असतानाच, काही सेकंदच. स्क्रू थांबलेला असताना व्हायब्रेटर चालवला तर कोळसा आणखी घट्ट बसतो. आणि रिले, कॉन्टॅक्टर, काहीही हॉपरच्या आत किंवा धुळीत उघडं ठेवू नका. कोळशाची धूळ उडालेली असताना एक ठिणगी पुरते.

सेकंडक्लास

बटण भट्टीजवळ असेल तर माझी हरकत नाही. बटण अशा ठिकाणी लावा की तिथे उभं राहिलं की राखेचं दार आणि नळी दोन्ही समोर दिसतील.

पूर्वभागकर

तसंच करतो. बटण राखेच्या दाराच्या डाव्या खांबावर घेतोय, फॅब्रिकेटरला आजच सांगितलं. स्क्रँटनच्या दादा, तुमचा तो धुराड्यावरचा स्विच किती अंशांना लावता? आमच्याकडे पाइपवर भट्टी चालू असताना आणि रात्री मंद असताना असे दोन आकडे घेतलेत, फोटो टाकतोय.

स्क्रँटनचा सोलापूरकर

फोटो बघितले. माझा आकडा तुम्हाला उपयोगी नाही, पाइप आणि कोळसा दोन्ही वेगळे. तुमचा रात्रीचा मंद विस्तवाचा सगळ्यात कमी आकडा घ्या आणि पूर्ण विझल्यावर तासाभराने पाइप किती उतरतो ते एकदा मोजा. स्विच या दोन्हींच्या मध्ये लावा, मंद विस्तवापासून थोडा दूरच. भट्टी पेटवताना पाइप गारच असणार, तेव्हा फीडर चालू करायला एक वेगळं, ठरावीक मिनिटांनी आपोआप सुटणारं बटण ठेवा.